चित्रातला देवदूत ओळखताय? या चुका टाळा

पंख दिसले की देवदूत, एवढ्यावर थांबलात तर फसाल.

सगळ्यात मोठा घोळ गुटगुटीत बाळांचा. चित्रकार राफाएलच्या १५१२ सालच्या ‘सिस्टीन मॅडोना’त तळाशी हातावर हनुवटी टेकून बसलेली दोन पोरं आता मगवर, उशीवर, कुठेही भेटतात. लोक त्यांना सर्रास करूब (बायबलमधल्या देवदूतांचा एक प्रकार) म्हणतात. बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनातले करूब मात्र चार तोंडांचे नि चार पंखांचे. बघून घाम फुटावा असे! ही बाळं रोमन प्रेमदेव क्युपिडच्या घराण्यातली, इटालियनमध्ये ‘पुट्टी’. गोव्यातल्या जुन्या चर्चच्या सोनेरी वेदींवर नुसतं बाळाचं डोकं आणि खाली दोन पंख कोरलेले दिसतात, तेही याच गोतावळ्यातले. सहा पंख दिसले, तर बहुधा सराफीम, हा देवदूतांचा आणखी एक प्रकार.

पंख नाहीत म्हणून देवदूत नाही, ही उलटी चूक. रोमच्या प्रिसिला भुयारी दफनभूमीत बसलेल्या बाईसमोर एक साधा झगा घातलेला तरुण हात पुढे करून उभा आहे. अभ्यासक त्याला गब्रीएल मानतात, म्हणजे येशूच्या जन्माची बातमी मरीयेला देणारा देवदूत. पंख सर्रास दिसू लागले ते चौथ्या शतकानंतर.

म्हणून आधी हात बघा. लिलीचं फूल असेल तर गब्रीएल. तलवार किंवा तराजू आणि पायाखाली अजगर, तर मीखाएल. अजगर मारणारा घोड्यावर असेल आणि पंख नसतील, तर तो संत जॉर्ज. या दोघांची अदलाबदल नेहमीची. मासा दिसला की राफाएल (चित्रकार नव्हे, देवदूत). लंडनच्या नॅशनल गॅलरीत इटालियन कलावंत वेरोक्कियोच्या कार्यशाळेतलं एक चित्र आहे. त्यात तरुण तोबियाच्या हातात दोरीला लटकवलेला मासा आहे, तर देवदूताच्या हातात छोटी डबी. जुन्या धार्मिक गोष्टीत राफाएल तोबियाला वाट दाखवतो आणि तोबियाच्या आंधळ्या बापाचे डोळे माशाच्या पित्ताने बरे होतात, त्या गोष्टीशी जोडलेली ही डबी. पायाशी पांढरं कुत्रं आहे. त्याचा रंग काळाच्या ओघात इतका विरळ झालाय, की अंगातून मागची जमीन दिसते. लोक पंखच बघत बसतात आणि कुत्रं राहून जातं.

पंखवाल्या माणसाच्या जोडीला पंखवाला सिंह, पंखवाला बैल आणि गरुड असतील, तर तो देवदूत नाहीच. ते येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांपैकी मत्तयाचं चिन्ह. बाकीचे तिघे मार्क, लूक, योहान. यहेज्केलाच्या करूबांची चार तोंडंही हीच, बरं का.