झिंक बोर्डावर एफपीजीए लोडर ड्रायव्हर: या चुका टाळा

वाळूजच्या वर्कशॉपातलं मशीन असो की नांदेडच्या कॉलेजातला फायनल इयरचा प्रोजेक्ट, झिंक-७००० चा बोर्ड (एकाच चिपमध्ये प्रोसेसर आणि एफपीजीए, म्हणजे हवं ते सर्किट भरता येणारा भाग) लिनक्सवर घेतला की एक तक्रार ठरलेली: ‘ड्रायव्हर चालत नाही.’ बहुतेक वेळा एफपीजीएत सर्किट भरणारा हा ड्रायव्हर बिचारा नीट चालत असतो.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती बिटस्ट्रीमची, म्हणजे एफपीजीएत भरायच्या सर्किटची, फाइल. विवाडो या डिझाइन सॉफ्टवेअरमधून निघालेली डॉट-बिट फाइल जुना एक्सडेव्हसीएफजी ड्रायव्हर चालवून घ्यायचा. लिनक्सच्या कर्नल (गाभा) ४.४ पासून आलेला एफपीजीए मॅनेजर मात्र झिंकवर बाइट उलटवलेली (दर चार बाइटचा क्रम उलटा) डॉट-बिनच मागतो. नाहीतर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, सिंक वर्ड (डेटा सुरू होण्याची खूण) सापडला नाही अशी ओळ येते, आणि ती ओळ कुणी वाचतच नाही! हेक्सडंप (फाइलमधले बाइट हेक्स आकड्यांत) काढून बघा: सुरुवातीच्या एफएफच्या रांगेनंतर लवकरच ‘६६ ५५ ९९ एए’ दिसलं तर फाइल बरोबर. ‘एए ९९ ५५ ६६’ दिसलं तर ती उलटवायची राहिलीय. बूटजेन या टूलला प्रोसेस-बिटस्ट्रीम हा पर्याय दिला की तो हे काम करून देतो.

उणे २ असा एरर आला तर फाइल सापडलेली नाही. ती लिब-फर्मवेअर फोल्डरमध्ये ठेवायची आणि सिसएफएसमध्ये (कर्नलशी बोलायच्या फाइलींचा फोल्डर) नुसतं नाव लिहायचं, पूर्ण पाथ नाही. नाव लिहायची ही सोयसुद्धा झाइलिंक्सच्या (झिंक चिप आणणारी कंपनी) कर्नलमध्येच असते. मेनलाइन (मूळ) कर्नलवर ती शोधत बसू नका, तिथे डिव्हाइस ट्री (बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन) आणि त्यातल्या एफपीजीए रीजनचा रस्ता आहे. ड्रायव्हरचं मॉड्यूल कर्नलमध्ये घालणारी इन्समॉड कमांड ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून अडली, तर मॉड्यूल दुसऱ्याच कर्नलसाठी बिल्ड झालंय. जबरदस्ती करू नका, चालू कर्नलच्या सोर्सवर आणि त्याच कॉन्फिगवर पुन्हा बिल्ड करा.

एफपीजीए मॅनेजरच्या स्टेटमध्ये ‘ऑपरेटिंग’ दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. बूटलोडरने आधीच एखादी जुनी बिटस्ट्रीम भरली असेल, तरी तेच दिसतं.

खरी डोकेदुखी पुढे आहे. डेव्हमेम कमांडने एफपीजीएमधलं एक रजिस्टर वाचायला जावं आणि अख्खा बोर्ड गप्प व्हावा: सिरीयल कन्सोलवर अक्षर नाही, पिंगला उत्तर नाही. प्रोसेसर आणि एफपीजीएला जोडणाऱ्या ॲक्सी बसवर पलीकडून उत्तरच आलं नाही, तर प्रोसेसर वाट बघत अडकून पडतो. कारण बहुधा क्लॉक. कुणी वापरत नाही असं वाटलं की लिनक्स बूटच्या शेवटी एफक्लॉक (प्रोसेसरकडून एफपीजीएला मिळणारा क्लॉक) बंद करून टाकतो. डिव्हाइस ट्रीत एफक्लॉक-इनेबल द्या, किंवा तो क्लॉक तुमच्या आयपीच्या (एफपीजीएत भरलेल्या सर्किटच्या) ड्रायव्हरकडून मागून घ्या. तपासायचं असेल तर बूट आर्ग्युमेंटमध्ये ‘सीएलके-इग्नोर-अनयूज्ड’ टाकून बघा. बोर्ड अडकायचा थांबला, तर चोर सापडला.

आपल्याकडे लाईट जाणं नवीन नाही. एफपीजीएमधलं कॉन्फिगरेशन एसरॅममध्ये असतं, वीज गेली की तेही गेलं. म्हणून लोडिंग बूटला आपोआप चालणाऱ्या सिस्टमडी सर्व्हिसमध्ये टाकाच, आणि आयपीचा ड्रायव्हर त्यानंतरच लोड होईल असा क्रम लावा. नाहीतर तो प्रोबमध्येच (ड्रायव्हर सुरू होतानाच) रिकाम्या पत्त्यावर रजिस्टर वाचायला जाईल आणि बोर्ड प्रत्येक बूटला तिथेच अडकेल.