गिऱ्हाईक आवाज चढवते तेव्हा

इंदुरात राजवाड्याजवळच्या साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक तावातावाने बोलू लागले, की हातातली घडी खाली ठेवून त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे, कारण मध्येच केलेला खुलासा, खरा असला तरी, उर्मटपणाच वाटतो. मग तीच तक्रार हळू आवाजात पुन्हा सांगावी: “म्हणजे पहिल्याच धुण्यात काठाचा रंग उतरला, बरोबर ना ताई?” त्यानंतरच बिल मागावे. साडी बदलून देणे आपल्या हाती नसेल, तर तसे सांगून मालकांना बोलवावे (ते नेमके तेव्हाच जेवायला गेलेले असतात). शिवीगाळ झाल्यास एकदा बजावून बोलणे थांबवावे. ग्राहक आयोगाच्या धमकीने बिचकू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तिथे तक्रार करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला दिलेलाच आहे, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आपणच बिलामागे लिहून द्यावा.