सामुदायिक रेडिओसाठी गाण्यांचा डेटाबेस: रिव्हेंडेलमधील मांडणी

सामुदायिक रेडिओ केंद्रावर स्वयंचलित प्रसारण सुरू करायचे ठरले की चर्चा बहुधा मिक्सर, साउंड कार्ड आणि संगणक यांभोवतीच फिरते. परंतु पुढील अनेक वर्षे केंद्राचे काम सुरळीत चालेल की नाही, हे गाण्यांचा डेटाबेस कसा रचला आहे यावर अधिक अवलंबून असते. लिनक्सवर चालणारे रिव्हेंडेल हे मुक्त सॉफ्टवेअर या कामासाठी उत्तम आहे आणि त्याला परवाना शुल्क लागत नाही. मराठी गाण्यांसाठी त्याचा डेटाबेस कसा लावावा, हे येथे सांगितले आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की नोंदींचे नियम आधी लेखी ठरवावेत आणि त्यानंतरच पहिले गाणे आत घ्यावे.

रिव्हेंडेल गाण्यांची माहिती मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसमध्ये ठेवते आणि ध्वनी मात्र सर्व्हरवरील एका वेगळ्या फोल्डरमध्ये साठवते. प्रत्येक गाण्याला ‘कार्ट’ म्हणतात व त्याला जास्तीत जास्त सहा अंकी क्रमांक मिळतो. कार्टच्या आत प्रत्यक्ष ध्वनीचे एक किंवा अधिक ‘कट’ असतात. ध्वनी फाइलच्या नावात कार्टचा आणि कटचा क्रमांक एवढेच असते. गाण्याचे शीर्षक, गायक, संगीतकार हे सारे केवळ डेटाबेसमध्ये असते, त्यामुळे डेटाबेस गमावला तर हातात फक्त क्रमांकांच्या हजारो निनावी फाइली उरतात.

जागेचा हिशेब सोपा आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ अशा असंकुचित ध्वनीला मिनिटाला सुमारे १०.६ एमबी लागतात. म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे ५३ एमबी आणि अशा ५,००० गाण्यांना सुमारे २६५ जीबी. एक टीबीची डिस्क पुरेशी ठरत असल्याने जागा वाचवण्यासाठी ध्वनी संकुचित करण्याचे काही कारण नाही. सीडीवरून गाणी घेताना ती फ्लॅक, म्हणजे दर्जा न गमावता ध्वनी साठवणाऱ्या स्वरूपात घ्यावीत. ज्या गाण्याची केवळ एमपी३ प्रतच उपलब्ध आहे, ते आयातीनंतर मोठ्या फाइलमध्ये बदलले तरी गेलेला दर्जा परत येत नाही. म्हणून अशा गाण्यांची नोंद वेगळी ठेवून चांगली प्रत मिळताच त्याच कार्टमधील कट बदलावा. कार्टचा क्रमांक तोच राहिल्यामुळे आधी तयार झालेले लॉग, म्हणजे प्रसारणाच्या क्रमवार याद्या, बिघडत नाहीत.

यानंतर रिव्हेंडेलच्या व्यवस्थापन प्रोग्रॅममध्ये, म्हणजे आरडीअ‍ॅडमिनमध्ये गट तयार करावेत. एक कार्ट एका वेळी एकाच गटात असू शकते, परंतु तिला शेड्यूलर कोड, म्हणजे लॉगसाठी गाणी आपोआप निवडणाऱ्या शेड्यूलरला उपयोगी पडणाऱ्या खुणा, अनेक लावता येतात. हा भेद नीट समजून घेतला तर पुढचे निम्मे काम सोपे होते. गाण्याचा कायमचा प्रकार, म्हणजे चित्रपटगीत, भावगीत, नाट्यसंगीत, अभंग, लोकगीत, हा गटाने ठरवावा. आणि बदलू शकणारे किंवा एकाहून अधिक असू शकणारे गुण, जसे सकाळसाठी योग्य, सणाचे, संथ, द्रुत, हे कोडने दाखवावेत. ‘सकाळची गाणी’ असा गट केल्यास पहाटे आणि रात्री दोन्ही वेळी शोभणारे भजन कोठे ठेवावे, हा प्रश्न रोज उभा राहतो. प्रत्येक गटाला क्रमांकांची स्वतंत्र आणि ऐसपैस श्रेणी द्यावी, उदाहरणार्थ चित्रपटगीतांना १०००० ते १९९९९ आणि नाट्यसंगीताला २०००० ते २९९९९.

‘तपासले’ या अर्थाचा एक कोड अवश्य ठेवावा. गाणे आयात झाले की लगेच प्रसारणात जाऊ नये. कोणीतरी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून, नोंदी पडताळूनच हा कोड लावावा आणि लॉग तयार करणाऱ्या इव्हेंटमध्ये, म्हणजे कोणती गाणी निवडायची हे ठरवणाऱ्या नियमात, तो अनिवार्य करावा.

आता रकाने. शीर्षक, कलाकार, अल्बम, वर्ष, संगीतकार, प्रकाशक हे रकाने आयते मिळतात, पण गीतकारासाठी वेगळा रकाना नाही. मराठी श्रोत्याला गीतकाराचे नाव ऐकण्याची सवय आहे आणि ते सांगणे हा त्या कवीचा मानही आहे, म्हणून ‘यूजर डिफाइन्ड’ हा मोकळा रकाना गीतकारासाठी राखावा. ‘कंडक्टर’ हा रकाना आपल्याकडे सहसा रिकामाच राहतो. तो सहगायकासाठी वापरता येतो. कलाकाराच्या रकान्यात केवळ मुख्य गायकाचे नाव लिहावे, कारण एकाच गायकाची गाणी लागोपाठ येऊ नयेत यासाठी शेड्यूलर याच रकान्यातील मजकुराची तुलना करतो. एका ठिकाणी ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘भीमसेन जोशी’ असे लिहिले असेल, तर त्याच्या लेखी हे दोन वेगळे गायक ठरतात. उपाध्या गाळायच्या की ठेवायच्या, आडनाव आधी की नंतर, आद्याक्षरांमध्ये टिंब आणि मोकळी जागा द्यायची की नाही, याची एक नामसूची करून ती सर्वांना द्यावी.

देवनागरी टंकलेखनाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र दोन वेगवेगळ्या युनिकोड क्रमांनी लिहिता येतो आणि ‘ॲ’ हे अक्षरही एका चिन्हाने किंवा अनेक चिन्हे जोडून उमटते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण शोध घेताना एकाने लिहिलेले दुसऱ्याला सापडत नाही. त्यामुळे केंद्रातील सर्व संगणकांवर एकच कळफलक मांडणी ठेवावी आणि इतरांकडून आलेल्या फाइलींमधील माहिती आयातीपूर्वी पिकार्ड किंवा एमपी३टॅग यांसारख्या साधनाने एकसारखी करून घ्यावी.

वर्षाच्या रकान्यात ध्वनिमुद्रण प्रथम प्रकाशित झाल्याचे वर्ष लिहावे, सीडी संकलनाचे नव्हे. इंटरनेटवरून आपोआप भरलेल्या माहितीत हा घोटाळा हमखास असतो. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचे स्वामित्व प्रथम प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकते, तर शब्द आणि चाल यांचे स्वामित्व कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले, म्हणून त्यांचे एखादे गीत १९६० साली ध्वनिमुद्रित व प्रकाशित झाले असेल तर त्या ध्वनिमुद्रणाची मुदत २०२० अखेर संपली, पण शब्दांची मुदत २०३७ अखेरपर्यंत आहे. परवान्याची रक्कम आणि प्रसारणाचे अहवाल यांच्याशी या नोंदींचा थेट संबंध येतो.

गावातील स्त्रियांनी गायलेल्या ओव्या, भारुडे, जात्यावरची गाणी यांसाठी स्वतंत्र गट करावा आणि कार्टच्या टिपांमध्ये गाव, ध्वनिमुद्रणाची तारीख व गाणाऱ्या व्यक्तीच्या संमतीचा उल्लेख करावा. सामुदायिक रेडिओच्या धोरणात किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत अशी अट आहे. शिवाय हा संग्रह इतरत्र कोठेही मिळणार नाही, त्यामुळे त्याच्या नोंदी बाजारातील गाण्यांहून अधिक काटेकोर असाव्यात.

प्रत्यक्ष आयात रिव्हेंडेलच्या आरडीइम्पोर्ट या साधनाने किंवा त्यातीलच ठरावीक फोल्डरवर लक्ष ठेवणाऱ्या ड्रॉपबॉक्सने करता येते. प्रथम वीस-पंचवीस गाणीच घ्यावीत, देवनागरी अक्षरे सर्व संगणकांवर नीट दिसतात का ते पाहावे आणि मगच उरलेला संग्रह घ्यावा. गाण्यांच्या सुरुवातीची व शेवटची शांतता आपोआप कापता येते, तसेच पुढचे गाणे कोठे सुरू व्हावे याची सेग्यू खूणही ध्वनीच्या पातळीवरून आपोआप लावता येते. चित्रपटगीतांसाठी हे बहुधा ठीक चालते, पण नाट्यसंगीत आणि अभंग यांच्यासाठी त्यावर विसंबू नये. शेवटची ओळ मंद होत तंबोऱ्याच्या सुरात विरते, तेव्हा ठरवलेल्या पातळीखाली आवाज गेला की यंत्राला गाणे संपल्यासारखे वाटते आणि पुढचे गाणे त्यावर आदळते. मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात उलट होते. टाळ्यांचा आवाज मोठा असल्याने खूण फार उशिरा लागते. या गटांतील खुणा माणसाने ऐकूनच लावाव्यात.

आवाजाची पातळीही आयातीपूर्वीच समान करावी. रिव्हेंडेलचे नॉर्मलायझेशन, म्हणजे पातळी आपोआप समान करण्याची सोय, ध्वनीचे सर्वोच्च शिखर मोजते, कानाला जाणवणारी तीव्रता नव्हे, त्यामुळे जुन्या तबकडीवरील गाणे आणि आजचे ठासून भरलेले गाणे शिखरे सारखी असूनही वेगळ्या आवाजात ऐकू येतात. एफएफएमपेग या ध्वनी-रूपांतराच्या साधनाच्या साहाय्याने सर्व फाइली एकाच एलयूएफएस (जाणवणाऱ्या तीव्रतेचे एकक) पातळीवर आणाव्यात. युरोपीय प्रसारण संघाच्या आर १२८ शिफारशीतील पातळी उणे २३ एलयूएफएस आहे. त्यानंतर आयात करताना नॉर्मलायझेशन बंद ठेवावे, अन्यथा हे श्रम वाया जातात.

बॅकअप रोज रात्री घ्यावा आणि त्यात डेटाबेसचा डंप (संपूर्ण नोंदींची एका फाइलमधील प्रत) व ध्वनीचे फोल्डर या दोन्हींचा समावेश असावा. डंप आधी आणि फाइलींची नक्कल लगेच त्यानंतर, अशा क्रमाने घेतल्यास नोंद आहे पण गाणे नाही अशी विसंगती टळते. एक प्रत केंद्राच्या इमारतीबाहेर ठेवावी. दर काही महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर हा बॅकअप पूर्णपणे उतरवून, प्रत्येक गटातील काही कार्ट उघडून वाजवून पाहाव्यात.