हाडावर जुनाट तपकिरी रंग चढवताना
रंग डागाडागांत चढला तर दोष बहुधा रंगाचा नसतो, हाडात उरलेल्या चरबीचा असतो. म्हशीचे हाड भांडी घासायचा लिक्विड साबण घातलेल्या कोमट पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा, पाणी रोज बदला. उकळायचे नाही, चरबी आत मुरते आणि कोलाजेन (हाडाला चिवटपणा देणारे प्रथिन) शिजून हाड ठिसूळ होते. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारा.

रंगासाठी अर्धा लिटर पाण्यात पाव चमचा पोटॅशियम परमँगनेट (पाणी जांभळे करणारे रसायन), हातमोजे घालूनच. बाहेर काढलेला तुकडा आधी जांभळा दिसतो, थोड्या वेळात तपकिरी पडतो. म्हणून एकदाच भिजत न टाकता थोडे थोडे बुडवून बघा. वाळल्यावर मेण. हाडाऐवजी सांबराचे गळून पडलेले शिंग मात्र विकत घेऊ नका, वन्यजीव कायद्यात अडकाल.