पंच नसलेल्या कोर्टावरची पहिली मॅच

टेनिसच्या स्थानिक आणि ज्युनिअर स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत बहुतेकदा कोर्टावर स्वतंत्र पंच नसतो. एखादा अधिकारी सगळ्या कोर्टांवर फिरत असतो. गुण मोजणं आणि चेंडू आत की बाहेर हे सांगणं खेळाडूंकडेच. पहिल्या स्पर्धेत नवखी मुलं फटक्यांपेक्षा इथेच जास्त गडबडतात.

आपल्या बाजूच्या रेषांचा निर्णय आपला, पलीकडचा प्रतिस्पर्ध्याचा. चेंडू रेषेला जरासा टेकला तरी आत. नीट दिसला नाही तर तोही आतच धरायचा. ‘मला वाटतं बाहेर होता’ चालत नाही. ‘आउट’ लगेच आणि ऐकू जाईल असं म्हणा. चुकून ‘आउट’ म्हटलं आणि चेंडू आत असल्याचं लक्षात आलं, तर पहिल्या वेळी तो गुण पुन्हा खेळतात, पण समोरच्याचा फटका गुण मिळवणाराच होता तर गुण त्याचा. त्याच मॅचमध्ये पुन्हा तसं झालं तर गुण सरळ जातो.

बाहेर जाणारा चेंडू टप्पा पडण्याआधी झेलू नका. बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, कितीही मागे उभे असलात तरी गुण गेलाच. चेंडू खेळात असताना नेटला अंग किंवा रॅकेट लागली तरी तेच.

सर्व्हिस करताना रॅकेट चेंडूला लागेपर्यंत पाय बेसलाइनला लागता कामा नये. टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू, वाकडा गेला तर चेंडू झेलून पुन्हा टाका, पण रॅकेट फिरवून चेंडू हुकला की फॉल्ट, म्हणजे ती सर्व्हिस चुकीची. नेटला घासून योग्य चौकटीत पडलेली सर्व्हिस लेट, म्हणजे ती पुन्हा करायची: दुसरी सर्व्हिस असेल तर पुन्हाही दुसरीच मिळते. रॅलीत मात्र चेंडू नेटला घासून आत पडला की खेळ सुरूच असतो.

स्कोअरवरून सर्वात जास्त भांडणं होतात आणि ती टाळता येतात. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणाआधी स्कोअर मोठ्याने सांगायचा, स्वतःचा आधी. तरीही ४०-३० की ३०-४० असा वाद झाला, तर मागे जाऊन एकेक गुण आठवा. दोघांना मान्य असलेले गुण कायम राहतात. वाद फक्त गेमच्या पहिल्या गुणाचा असेल तर ३०-३० पासून, म्हणजे दोघांचे दोन-दोन गुण धरून, पुढे खेळा. एकमत होत नसेल तर अधिकाऱ्याला बोलवा, तोवर पुढची सर्व्हिस करू नका.

बाजू पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम गेमनंतर बदलतात. सेटमध्ये गेम ६-६ झाल्यावर टायब्रेक, म्हणजे सेट ठरवणारा जादा गेम: पाळी असलेला खेळाडू उजवीकडून एकच सर्व्हिस करतो, मग दोघे आळीपाळीने दोन-दोन, त्यातली पहिली डावीकडून. दर सहा गुणांनी बाजू बदला. जो दोन गुणांच्या फरकाने आधी ७ गाठेल त्याचा सेट. टायब्रेकमध्ये गुण ६-६ झाले तर दोनचा फरक पडेपर्यंत खेळ चालतो. पुढच्या सेटची पहिली सर्व्हिस टायब्रेकचा पहिला गुण रिसीव्ह करणाऱ्याची.