मृग लागायच्या आत पीडीएफची झाडाझडती

मागच्या हंगामात, पेरणीच्या तोंडावर, आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या दुकानात औशाकडचे एक काका आले. मोबाइल काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "हे औषध द्या, तुमच्याच कागदात लिहिलंय." कागद आमचाच होता. २०१७ ची सोयाबीन पुस्तिका, त्यात चक्रीभुंगा या किडीसाठी ट्रायझोफॉस हे कीटकनाशक. या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. वेबसाइटच्या पानावर आम्ही 'जुनी पुस्तिका' असं ठळक लिहिलं होतं, पण काका त्या पानावर आलेच नव्हते. गूगलने त्यांना थेट फाइलीत नेऊन सोडलं होतं. माणूस पुढच्या दारानेच येईल असं धरून आपण पाट्या लावतो, आणि तो येतो खिडकीतून. म्हणून यंदा वेबसाइटवरच्या पीडीएफ फाइली तपासायची ही तयारी मेमध्येच उरकायची.

आधी मोजदाद. गूगलमध्ये 'साइट' आणि 'फाइलटाइप' या दोन खुणा वापरून (site:आपला-पत्ता filetype:pdf असं टाइप करून) आपल्या पत्त्यावरच्या पीडीएफ शोधून काढा, एकेक उघडा आणि वहीत तीन रकाने करा: ठेवायच्या, बदलायच्या, काढायच्या. विसरलेल्या फाइली इथेच सापडतात.

बदलायच्या फाइलींना दरवर्षी नवा पत्ता देऊ नका. फाइलीच्या नावात वर्ष घातलं की २०१७ ची, २०२१ ची आणि यंदाची अशा तिन्ही फाइली शोधात शेजारी शेजारी उभ्या राहतात, आणि घाईतला माणूस पहिली दिसेल ती उघडतो. पत्ता एकच ठेवा, मजकूर बदला. जुने पत्ते कायमच्या रिडायरेक्टने, म्हणजे ३०१ ने, त्या पिकाच्या पानाकडे वळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या लिंकाही मग योग्य ठिकाणी पोचतात. तरी लोकांनी मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेल्या प्रती राहतातच, त्यासाठी फाइलीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर हंगाम, वर्ष आणि मूळ पानाची लिंक छापा. फक्त मुखपृष्ठावर छापलं तर औषधांच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट वर्षाशिवायच गावभर जातो.

वेबसाइटवर राहू द्यायच्या पण शोधात नको असलेल्या फाइली, उदाहरणार्थ जुनी सभावृत्तं, यांच्यासाठी 'नोइंडेक्स', म्हणजे 'हे शोधात दाखवू नका' असा गूगलला दिलेला निरोप, लागतो. वेबपानात तो पानाच्या मजकुरातच लिहिता येतो, पीडीएफमध्ये ती सोय नाही. तो सर्व्हरने, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवली आहे त्या संगणकाने, फाइलीसोबत 'एक्स-रोबोट्स-टॅग' या हेडरमधून (फाइलीआधी जाणाऱ्या न दिसणाऱ्या माहितीतून) पाठवावा लागतो. इथे एक चूक सर्रास होते, आमच्याकडूनही झाली: तीच फाइल रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्येही, म्हणजे गूगलच्या रोबोटने (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमने) काय उघडू नये हे सांगणाऱ्या फाइलीतही, अडवली. दारच बंद केल्यावर गूगलला आत लावलेली नोइंडेक्सची चिठ्ठी वाचता येत नाही, आणि इतरांनी दिलेल्या लिंकांवरून तो पत्ता निकालात दिसतच राहू शकतो. दोन्हींपैकी एकच करा, आणि शोधातून काढायचं असेल तर नोइंडेक्सच.

गूगलवरून येणाऱ्या माणसाला पान दाखवायचं आणि गूगलच्या रोबोटला मात्र फाइल, असला जुगाड कुणी सुचवला तर ऐकू नका. गूगल त्याला फसवणूक धरतं.

सभासद याद्यांचं मात्र आजच बघा. आधार, खाते क्रमांक, मोबाइल असलेली फाइल नोइंडेक्सने झाकायची नसते, सर्व्हरवरून उचलायची असते. त्यानंतर सर्च कन्सोल या वेबसाइट चालवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या साधनातून ती निकालातून काढण्याची विनंती करा. तिचा परिणाम साधारण सहा महिनेच टिकतो, म्हणून फाइल खरोखर गेलेली हवी. आकड्यांवर काळी पट्टी ओढून भागत नाही. पट्टीखालचा मजकूर बऱ्याचदा कॉपी करता येतो.

आता ठेवायच्या फाइली सापडतील अशा करा. पीडीएफमधलं एक वाक्य कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा. अगम्य अक्षरं उमटली तर फाइल बहुधा जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमधली आहे, ती युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरं) पुन्हा टाइप करून घ्या. नाहीतर सोयाबीन शोधणाऱ्याला ती सापडणार कशी? फाइलीच्या प्रॉपर्टीजमधलं शीर्षकही तपासा, तिथे 'फायनल दोन' असलं काही राहिलेलं असतं आणि निकालात तेच झळकू शकतं. काही जिल्ह्यांची नावं २०२३ साली बदलली, पण शोधणारे दोन्ही टाइप करतात. म्हणून मजकुरात एकदा तरी 'धाराशिव (उस्मानाबाद)', 'छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)' असं येऊ द्या.

थेट उघडलेली पीडीएफ नेहमीच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये (भेटी मोजणाऱ्या साधनात) मोजली जात नाही, आकडा सर्व्हरच्या लॉगमधून, म्हणजे तिथल्या नोंदवहीतून काढा.

सगळं झाल्यावर काही आठवडे जाऊ द्या. मग आपला नाही, दुकानात आलेल्या एखाद्याचा फोन मागून घ्या, त्यांना त्यांच्या भाषेत 'सोयाबीन चक्रीभुंगा औषध' बोलून शोधायला सांगा, आणि कुठली फाइल उघडते ते शेजारी उभं राहून बघा.