हार्मोनचा रिपोर्ट हातात आला की

दादरला आमच्या लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट पुढे करून बायका विचारतात, "ताई, एफएसएच बरोबर आहे ना?" एफएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं, बीज वाढवायला लावणारं हार्मोन. मी आधी तारीख बघते. रक्त पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं हवं. (एएमएच, म्हणजे बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन, मात्र कधीही चालतं.)

मग इस्ट्राडायोल, म्हणजे अंडाशयातलं मुख्य स्त्री-हार्मोन, बघा. बीजकोशाच्या (अंडाशयातल्या, बीज वाढतं त्या पिशवीच्या) बाहेरच्या थीका पेशी एलएच या पिट्युटरीच्याच दुसऱ्या हार्मोनच्या हुकमावर अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) बनवतात. आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या जोरावर त्याचंच इस्ट्राडायोल करतात. ते वाढलं की पिट्युटरी एफएसएच आवरतं घेते. म्हणून इस्ट्राडायोल चढलेलं असताना एफएसएच कमी, म्हणजे एरवी चांगलं, दिसलं तर लगेच पेढे वाटू नका. ते दबलेलं असू शकतं.

पुढे इस्ट्राडायोल दोनेक दिवस चढंच राहिलं की गणित उलटतं: एलएच उसळतं, बीज पक्व होतं आणि उसळी सुरू झाल्यापासून साधारण 36 तासांनी बाहेर पडतं. प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भाशयाला गर्भासाठी तयार करणारं हार्मोन, वाढतं ते त्यानंतर. त्याची तपासणी 21व्या दिवशी, पण पाळीचं चक्र 28 दिवसांचं असेल तरच. 35 दिवसांचं असेल तर 28व्या दिवशी या.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर सुई टोचण्याआधीच सांगा. काही मशिनांवर आकडे चुकतात.